उसन्या नाकानं निवडलेलं खत

खत निवडायला डोळे पुरत नाहीत, नाक लागतं. माझं नाक करोनाच्या साथीत गेलं. त्याच साथीत बायकोही गेली. भेटायला येणारे तिच्याबद्दल बोलायचे आणि मी नाकाबद्दल. "अहो, फोडणी करपली तरी कळत नाही," असं म्हटलं की समोरचा चहाचा कप तोंडाला लावायचा. चहा संपवून तो लवकर उठायचा आणि मला तेच हवं असायचं.

आमचं घर रत्नागिरीच्या बाहेर, कातळावर. परड्यात जी माती आहे ती आम्हीच गाडीनं आणून टाकलेली, खाली सगळा जांभा दगड. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतून हिनं मोगऱ्यांची रांग लावली होती. नारळ, जास्वंद, कढीपत्ता ही मंडळी आपापलं बघून घेतात, मोगऱ्याला मात्र दरवर्षी कळ्या धरायच्या आधी खत लागतं. ते निवडणं हिचं काम. मी निवृत्त झाल्यापासून पिशवी धरायला बरोबर जायचो. कुणाच्याही गोठ्यामागच्या गायरीत, म्हणजे शेणाच्या खड्ड्यात, ती कोपरापर्यंत हात घालायची, मूठभर बाहेर काढून दाबायची आणि सरळ नाकाला लावायची. शेणाचा वास जाऊन मातीचा आला की खत झालं. नाहीतर "अजून कच्चं आहे हो" असं गोठेवाल्याच्या तोंडावर सांगून ती मोकळी. मी लाजून कुठल्यातरी माडाकडे बघत उभा राहायचो.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या हंगामात मी म्हटलं, यात काय एवढं मोठं! सावर्ड्याकडे आमचा एक नातेवाईक कोंबड्या पाळतो, त्यानं टेम्पोतून पोती पाठवली. उघडून बघितलं तर चहाच्या पावडरीसारखं काळसर, भुसभुशीत खत. तिच्यासारखं मूठभर घेऊन दाबलं, नाकाला लावलं. वास अजिबात नाही. म्हणजे झालेलंच होतं की! मला बरं वाटलं असं लिहिणार होतो, पण तेव्हा मला बरंबिरं काही वाटत नसे. काम उरकल्यासारखं वाटलं, एवढंच. एकेका मोगऱ्याच्या बुडाशी घमेलं घमेलं ओतलं, पाणी घातलं आणि तिथेच पायरीवर चहा घेऊन बसलो.

शेजारच्या भाभी ओढणी नाकाला लावून गडग्याशी आल्या. त्यांचा नवरा आणि मुलगा कुवेतला, घरी त्या आणि त्यांच्या बकऱ्या.

"भाऊ, काय मेलाय काय तुमच्या परड्यात?"

"मेलंय कुठं? मोगऱ्यांना खत घातलंय."

त्या एकदा माझ्याकडे आणि एकदा हातातल्या कपाकडे बघत राहिल्या. "आनि तुम्ही हितं चाय पिताव?"

कोंबडीचं खत गरम. ते नीट मुरल्याशिवाय झाडाच्या जवळ न्यायचं नसतं, हे मलाही ऐकून माहीत होतं. मुरलंय की नाही हे सांगणारं नाकच जागेवर नव्हतं. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग पानं गळाली, मग काड्या उरल्या. मी त्या उपटून पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. वाईट वाटायला हवं होतं. मी थोडी वाटही बघितली, पण काही वाटलं नाही. पुण्याहून लेकीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती रडायला लागली. मी म्हटलं, इकडे ऊन फार आहे.

विहिरीकडच्या टोकाचे काही मोगरे तेवढे वाचले, तेही खत तिथवर पुरलं नाही म्हणून. आता तेही गेले तर हिच्या हातचं जिवंत असं या घरात काहीच उरणार नव्हतं. हे मला कळत होतं. दुखत नव्हतं, पण कळत होतं, आणि तेवढ्यावर मी कामाला लागलो. मोगरे असेच ठेवले असते तर कातळावरच्या त्या वीतभर मातीत उपाशी मेले असते. खत घालायलाच हवं होतं, फक्त या वेळी चुकायची सोय नव्हती.

नाकाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी लवंग, लिंबू, निलगिरी असं रोज हुंगायला सांगितलं. मी विचारलं, "शेण चालेल का?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काका, तुम्हाला नक्की कसला वास यायला हवाय?" मी म्हटलं, "शेणाचाच. तो आला तर तो गेलाय की नाही ते कळेल ना." त्यांनी जास्त वाद घातला नाही, गोळ्या लिहून दिल्या.

तोवर नाक उसनं घेणं आलं. भाभींनी स्वतःहून लेंड्या देऊ केल्या. बकरीची लेंडी कोरडी असते, झाडाला सहसा बाधत नाही. पण मी पोळलेला माणूस. "मुरलंय ना नक्की? हुंगून सांगा," म्हटलं. त्यांनी ओंजळभर लेंड्या नाकाशी धरल्या, एकदा हुंगल्या, परत हुंगल्या आणि हसायलाच लागल्या. "भाऊ, खोटा कशाला बोलू? बकऱ्यांचा वास मला येतच नाय. रोजचा हाय ना."

मग आम्ही दोघं वरच्या वाडीतल्या गोठ्यावर गेलो. गोठेवाला म्हणाला, "एकदम तयार हाय, वास बगा, नाय येत." त्याला येत नव्हता. मलाही येत नव्हता. भाभी मात्र दोन पावलं मागे सरकून म्हणाल्या, "कच्चा हाय, भाऊ. शेन हाय नुसता." गोठेवाल्यानं त्यांच्याकडे असं बघितलं, जसे लोक पूर्वी हिच्याकडे बघायचे. मी या वेळी माडाकडे बघितलं नाही. कच्चं तर कच्चं, शेणच आणू आणि घरी कुजवू, असं ठरवून टाकलं.

परड्याच्या कोपऱ्यात ढीग रचला. खाली आंब्याचा वाळका पातेरा, म्हणजे पाचोळा, त्यावर शेण, त्यावर लेंड्या, परत पातेरा. पावसाआधी वर प्लॅस्टिक आणि त्यावर झावळ्या. भाभी अधूनमधून यायच्या, गडग्यावरून वाकून हुंगायच्या आणि "नाय अजून" म्हणून जायच्या. मी रोज सकाळी ढिगात हात घालायचो. आत ऊब असायची. सुरुवातीला हात ठेववत नसे इतकी, मग हळूहळू कमी. त्या दिवसांत माझ्या हाताला लागणारं गरम असं तेवढंच होतं, म्हणून मी हात जरा जास्तच वेळ आत ठेवायचो. लेक फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात का? काय करताय?" मी सांगायचो, "खत बघतोय." ती परत जेवणाचं विचारायची.

पाऊस गेला, थंडी आली. एका सकाळी मी फावडं घेऊन ढीग उलटायला लागलो. वरचं खत काळं, मऊ, हातात धरलं की सुटं होणारं. खालपर्यंत गेलो आणि एकदम मागे सरकलो. फावड्याला धरून उभा राहिलो. काहीतरी भयंकर नाकातून डोक्यात चढत होतं आणि ते काय आहे तेच मला कळेना. मग कळलं. घाण येत होती. सडकी, नासक्या अंड्यांसारखी घाण. कातळावर ढीग घातला, पाण्याला बाहेर जायला वाट ठेवली नाही, म्हणून तळाला पाणी साचून सगळं नासलं होतं.

"भाभी!" मी ओरडलो. त्या धावत आल्या आणि गडग्यापाशीच नाक दाबून थांबल्या.

"सडलाय वो खालचा, भाऊ! टाका तो!"

"अहो, मला येतोय! वास येतोय मला!"

त्या तशाच नाक दाबून उभ्या. डोळ्यांत पाणी, आता ते घाणीनं की कशानं, मला सांगता येणार नाही. मी फावडं टाकलं, नळावर हात धुतले. साबणाचा वास आला. टॉवेलला उन्हाचा आला. स्वयंपाकघरात हिंगाचा, देवापाशी शिळ्या फुलांचा. मी घरभर एकेक वस्तू नाकाला लावत हिंडत होतो. आणि मग मला एकदम सुचलं, की आपण हिच्या कपाटाशी कसे नाही गेलो!

कपाट उघडलं. साड्या होत्या तशाच होत्या. पहिल्या साडीत तोंड खुपसलं. डांबरगोळ्यांचा वास. दुसरीत तोच. तिची घरातली जुनी सुती साडी होती, रोजची, तिच्या घड्या उलगडल्या, पार आतल्या पदरापर्यंत गेलो. डांबरगोळ्या. लेकीनं सगळं नीट धुऊन, इस्त्री करून, कसर लागू नये म्हणून प्रत्येक घडीत गोळ्या ठेवल्या होत्या. तिनं ते ठेवलं तेव्हा मी शेजारीच खुर्चीवर बसलो होतो. "धुऊन टाकू का, बाबा?" असं तिनं विचारलंही होतं. मी म्हटलं होतं, टाक.

हिच्या वासाला काय म्हणायचं, तेही मला आठवेना. इतकी वर्षं तो घरातच होता, कधी हुंगून बघावा लागला नव्हता. मी ती सुती साडी मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसलो आणि ही गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. मोठ्यानं रडलो, लाज न बाळगता.

बाहेरून भाभींचा आवाज येत होता. "भाऊ, वरचा खत मातीसारखा झालाय बगा! घालू काय मोगऱ्यांना?"

मी त्या साडीनंच तोंड पुसलं. त्यांनी परत विचारलं.

"घाला," मी म्हटलं.