खोलीबाहेर ठेवलेला शब्द

बाईंना सगळे थांबाबाई म्हणत, आणि त्यांच्याइतकं न थांबणारं माणूस त्या इमारतीत दुसरं नव्हतं. लिफ्टला उशीर झाला की त्या जिन्याने निघत. चहाला उकळी फुटायच्या आत तो गाळत. समोरचा काय म्हणणार ते त्यांना आधीच कळे, आणि त्या ते सांगूनही टाकत. अपवाद फक्त त्यांच्या कामाच्या खोलीचा. तिथे बोलताना अडखळणारी मुलं येत. मूल एखाद्या अक्षरावर अडकलं की शेजारची आई वाक्य पुरं करायला धावे. बाई हात आडवा घालत. "थांबा!" मग मूल त्या अक्षरातून सुटेपर्यंत त्या दगडासारख्या बसत. टेबलाखाली पायाचा अंगठा तेवढा चपलेत वरखाली होत राही.

त्या खोलीत एक शब्द चालत नसे. तोतरा. तोतरी, तोतरं, तोतरेपणा, सगळं कुटुंबच बंद. पहिल्या नोकरीत एका शाळेच्या हजेरीपटात मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने हा शब्द लिहिलेला त्यांनी पाहिला होता. मास्तरांना म्हणे नावं लक्षात राहत नव्हती. बाईंनी त्यांच्यासमोरच तो खोडला आणि तेव्हापासून एकतीस वर्षं खोडतच आल्या.

आता वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या सकाळीच तेवढं काम करत आणि दुपारी व्हिडिओ बनवत. लांबच्या लोकांना येता येत नाही, त्यांना घरबसल्या मिळावं म्हणून. दोन वर्षांत बावन्न झाले होते. पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवायचा, पंखा बंद करायचा आणि घामाघूम होत बोलायचं. शीर्षकं त्यांनी स्वतः दिली होती: 'बालकांमधील वाक्प्रवाहातील अडथळे : भाग सात.' दिवसातून दहादा त्या आकडे बघत. भाग सात चौदा जणांनी पाहिला होता. त्यात तीन वेळा त्या स्वतःच.

एका मंगळवारी एक आई अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीने बसल्या बसल्या खिशातून काचेची गोटी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"जि-जि-जिभेखालची," मुलगी म्हणाली.

आई घाईघाईने म्हणाली, "इंटरनेटवर एकजण सांगतो, जिभेखाली गोटी ठेवून जोरात वाचायला लावा. दोन वर्षं करतोय आम्ही."

"दोन वर्षं? आणि घशात गेली असती म्हणजे?"

"एकदा गेलीच होती, बाई. पाठीत गुद्दे घालून काढली." आईचा आवाज चढला. "मी काय हौसेनं केलं का? जे सापडलं ते केलं. तुमचे व्हिडिओ आहेत हे आज बाहेरच्या पाटीवर वाचलं. मग मला कधीच कसे दिसले नाहीत?"

"तुम्ही शोधताना काय लिहिलंत?"

आईने मुलीकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि पुटपुटली, "तोतरेपणा कसा घालवायचा."

बाईंचा हात आडवा उठला आणि तसाच खाली आला.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. सून चपला-बूट विकणाऱ्या एका कंपनीत होती. वस्तूखाली काय लिहिलं म्हणजे शोधणाऱ्याला ती सापडेल, हे बघणं हेच तिचं काम.

"पर्स तरी ठेवू द्या, आई!"

"ठेव आणि बोल. माझे व्हिडिओ का सापडत नाहीत?"

"दोन वर्षं सांगतेय. तुम्ही ऐकून घेतलंत का? आमच्याकडे 'पादत्राण' लिहिलं तर एक जोड खपणार नाही. 'टाच दुखते' लिहिलं की लोक येतात. ज्याला त्रास आहे तो त्याच्या तोंडातले शब्द लिहितो, आई, तुमच्या पुस्तकातले नाही."

"मग 'बोलताना अडखळणे' लिही."

सुनेने लॅपटॉप उघडून दाखवलं. 'अडखळणे' महिन्याला मोजक्या लोकांनी शोधलं होतं. दुसरा शब्द हजारोंनी. आणि त्या शब्दाला सगळ्यात वर कोण, तर हातात गोटी धरून हसणारा तो माणूस.

"तुमच्या बावन्न व्हिडिओंत हा शब्द शीर्षकात नाही, खाली माहितीत नाही, तुमच्या बोलण्यातही नाही," सून म्हणाली. "तुम्ही त्याला इतकं नीट बाहेर ठेवलंय, की तो घेऊन येणारेही बाहेरच राहिले."

"शहाणीच आहेस."

"सासूवर गेलेय."

पुढचे दोन दिवस बाईंनी घर डोक्यावर घेतलं. कपाट आवरायला काढलं आणि तसंच टाकलं. भाजीत मीठ दोनदा पडलं. शब्द लिहावा, तर एकतीस वर्षं आयांना कशासाठी दटावलं? न लिहावा, तर आज कुठल्या घरात कुणाच्या जिभेखाली गोटी जात असेल? तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवा व्हिडिओ केला, अवघा तीन मिनिटांचा. सुरुवातीलाच म्हणाल्या, "हा शब्द मी माझ्या खोलीत कुणाला उच्चारू देत नाही. तुम्ही तोच शोधलात, म्हणून लिहिलाय. आता तो सोडा आणि तोंडातली गोटी काढा." शीर्षक सुनेने सांगितलं, पण टाइप बाईंनीच केलं: 'मूल तोतरं बोलतं? आधी हे बघा.' तो एक शब्द टाइप करायला त्यांना चार प्रयत्न लागले. खाली त्यांनी हट्टाने आपला फोन नंबर घातला.

मग वाट बघणं. त्यांच्या अंगात नसलेली गोष्ट. सून ऑफिसात असताना सहा फोन: "आता कितवा? अजून दुसऱ्या पानावर? ते यंत्र झोपलंय का?"

"आई, लागतात थोडे दिवस. मी मीटिंगमध्ये आहे."

नवव्या दिवशी व्हिडिओ चौथा आला. गोटीवाला अजून पहिलाच. बाई त्याला मोठ्याने शिव्या घालत असताना त्यांचा फोन वाजला.

"हॅलो? हॅलो, कोण?"

पलीकडे श्वास. मग "त... त... त..." पुरुषाचा आवाज, चाळिशीचा तरी असावा. बाई लगेच खुर्चीत बसल्या. पुढचं वाक्य त्यांना ओळखता येत होतं, जिभेवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं. घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा फिरला.

"त-तुम्हीसुद्धा तो-तोच शब्द लिहिलात?"

"लिहिला," बाई म्हणाल्या. "व्हिडिओ बघितलात?"

"ना-नाही. शीर्षक वाचलं आणि... रा-राग आला."

"यायलाच हवा. मलाही येतो. तुम्ही शोधताना काय लिहिलं होतंत?"

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. बाई उठल्या नाहीत, फोन दुसऱ्या कानाला लावला नाही, हॅलो म्हणाल्या नाहीत.

"तो-तोच," तो म्हणाला.

"म्हणून लिहिला. आता सांगा, फोन कशाला केलात? भांडायलाच केला असेल तर भांडा. मला वेळ आहे."

आणि तो भांडू लागला, एकेका अक्षरावर अडकत, चांगली वीस मिनिटं. बाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.