वाटीभर उपास

पुण्याच्या दवाखान्यातली आहारतज्ज्ञ मुलगी मला म्हणाली, "काका, आता पाणी घोट घोट प्यायचं. तांब्या उचलून घटाघटा प्यायचे दिवस गेले," तेव्हा मला हसू आलं. आमच्या आष्टीकडे त्या साली विहिरींना तळ दिसत होता आणि टँकर आला तर बायका घागरी घेऊन त्याच्यामागे पळत होत्या. बीड जिल्ह्यातल्या माणसाला पाणी पुरवून पुरवून कसं प्यावं हे पुण्याच्या पोरीने शिकवावं आणि वर त्याची फी घ्यावी, याची मला मोठी गंमत वाटली. पण पोटाला टाके होते, हसलं की ओढ बसायची. म्हणून मी नुसती मान डोलावली.

माझं पोट कापून लहान केलं होतं. उरलं ते साधारण केळ्याएवढं, असं डॉक्टरांनी सांगितलं. शुगर हाताबाहेर गेली होती, गुडघे बोलायला लागले होते आणि झोपेत माझा श्वास असा अडकायचा की बायको उठून माझ्या नाकाखाली बोट धरून बघायची. शेवटी तीच म्हणाली, "तुमाला जेवून मरायचं असंल तर मरा, पर मला रोज असं बोट धराया लावू नका." त्यानंतर आम्ही पुणे गाठलं.

मी आमच्या भागातल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा सेक्रेटरी. सहकारात माणूस कसा वाढतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माझ्या वजनाचं नवल वाटणार नाही. संचालकांची बैठक म्हटली की जेवण, वार्षिक सभा म्हटली की मोठं जेवण. मी इतिवृत्त वाचत असायचो तेव्हा मंडपामागे काळ्या मसाल्याच्या रश्श्यावरचं झाकण निघालेलं असायचं, आणि त्या वासावर कितीतरी ठराव बिनविरोध मंजूर झाले. मी चांगला जेवायचो. चेअरमन बाहेरच्या पाहुण्यांना माझी ओळख करून देताना आधी माझं जेवण सांगायचे, मग हुद्दा. बाजरीच्या भाकरी मी किती खायचो ते आता सांगत नाही, उगीच तोंडाला पाणी सुटतं आणि तेही मला घोट घोटच गिळावं लागतं.

ऑपरेशनची गोष्ट आम्ही लपवली. हर्निया झाला होता असं सांगितलं. दुष्काळात सगळा तालुका पोटाला काय घालावं या विचारात असताना आपण पोट कमी करून आलो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? हर्निया बरा. त्याबद्दल कुणी फार खोलात विचारत नाही.

त्याच उन्हाळ्यात संस्थेने जनावरांची छावणी उघडली. रस्त्याकडेच्या माळावर हिरवी जाळी ताणून सावली केली, गावोगावची जनावरं दावणीला आली आणि त्यांच्याबरोबर माणसंही. कुणी बाजेवर, कुणी बैलगाडीखाली, तिथेच मुक्काम. चारा म्हणजे उसाचे वाढे, तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, तोही वजनाने. काट्याजवळ माझी खुर्ची. मोठ्या जनावराला इतकं, लहानाला त्याच्या निम्मं, यात वासराला लहान म्हणावं की मोठं यावरून दिवसभर भांडणं. घरी बायकोने पुण्याहून एक छोटा काटा आणला होता. सकाळी ती माझी मुगाची डाळ तोलून डब्यात भरायची आणि मग मी छावणीत जाऊन जनावरांचा चारा तोलायचो. चाऱ्यावरच्या माझ्या नजरेपेक्षा माझ्यावर तिची नजर जास्त कडक होती.

नव्या जेवणाचे नियम असे होते. वाटीभरच. घासाचं तोंडात पाणी होईपर्यंत चावायचं. जेवताना पाणी नाही. गोड नाही. आणि चावताना बोलायचं नाही, कारण बोलता बोलता घास तसाच उतरला तर छातीत दगड अडकल्यासारखं होतं. मी ते एकदा अनुभवलं होतं, दुसऱ्यांदा अनुभवायची हौस नव्हती.

तर एका दुपारी मी काट्याजवळ डबा उघडून बसलो होतो. बायकोने भाकरी अर्धीच दिली होती, तिच्यातलीही निम्मी मला जड जाई. दावणीवरचे चार-पाच जण येऊन टेकले. माझं जेवण पूर्वी पाहिलेली माणसं ती. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्या ढगळ झालेल्या शर्टाकडे पाहिलं. एकजण म्हणाला, "सायेब, उपास हाय व्हय?"

माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली. विषय मिटावा एवढाच हेतू.

"रोजचाच दिसतोय. पाऊस पडंस्तवर का?"

घास अजून तोंडातच होता. मी पुन्हा मान हलवली.

घास उतरेपर्यंत ते उठून गेले होते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या छावणीला कळलं होतं की पाऊस पडेपर्यंत वाटीभरच खायचं असं व्रत सेक्रेटरी साहेबांनी धरलं आहे.

यातला विनोद कळायला आमचं घर माहीत हवं. माझ्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून आमच्याकडे उपास, नवस, व्रतं बंद. आजोबा म्हणायचे, आपण पिढ्यान्‌पिढ्या उपाशीच राहिलो, आता देवासाठी वेगळं उपाशी राहायची गरज नाही. त्या आजोबांचा खाऊन फुगलेला नातू आता छावणीचा साधुपुरुष झाला. माणसं वाकून पाया पडायला लागली. म्हातारे येऊन ढगांचा अंदाज विचारायला लागले, जणू वरती माझी ओळख होती. मी सुरुवातीला "तसं काही नाही" म्हणून पाहिलं. त्याने तर आणखीनच वाढलं. केलेलं व्रत खरा माणूस बोलून दाखवत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक.

आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

चेअरमनना खरी गोष्ट माहीत होती, रजा त्यांनीच मंजूर केली होती. ते म्हणाले, "चालू द्या की. संस्थेचं नाव होतंय. तुमचं काय जातंय? तसंबी तुमी खात न्हाईतच." मग त्यांनी छावणीत माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. भाषणात ते म्हणाले की या माणसाने शेतकऱ्यांसाठी अन्न सोडलं. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला. शंभर माणसांसमोर तो थुंकायचा कसा? गिळला. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, हारासकट मी घामाने चिंब झालो आणि जाळीच्या मागे जाऊन पेढा परत केला. साखर चालत नाही, एवढंच त्याचं कारण. पण गर्दीतून एक बाई हात जोडून म्हणाली, "बघा, व्रताच्या माणसाच्या आंगानं गोड घेतलं न्हाई." त्या दिवसानंतर तर लोक माझी सावलीसुद्धा चुकवून चालायला लागले, पाय पडू नये म्हणून. आमच्या आजोबांचीही सावली लोक चुकवायचे. कारण निराळं होतं.

छावणीच्या शेवटच्या दावणीला एक म्हातारी होती. एकटीच, एका गावरान गाईबरोबर. लेक आणि सून ऊसतोडीला गेलेली, तिकडूनच परस्पर वीटभट्टीवर. म्हातारीने माझ्या हातचा चहा कधी घेतला नव्हता. मी कप पुढे केला की म्हणायची, "आत्ताच झाला, सायेब." छावणीत चहाची चूल एकच होती आणि ती माझ्यासमोरच पेटायची. मीही आग्रह केला नाही. अशा "आत्ताच झाला"ची आम्हाला सवय असते. व्रताची बातमी पसरल्यावर मात्र ती रोज सकाळी लांबून मला हात जोडायला लागली.

एका सकाळी वाढ्यांचा भारा घेता घेता ती काट्यासमोरच कोसळली. तिला सावलीत आणलं, तोंडावर पाणी मारलं. हात लावला तर अंगात काही उरलंच नव्हतं. शेजारच्या दावणीवरची बाई मला म्हणाली, "सायेब, म्हतारी जेवतच न्हाई. एका टायमाची भाकर सोडली, आता दोन्ही टायमाची गाईला घालती. कावून म्हणलं तर म्हणती, सायबाएवढा शिकलेला माणूस पावसासाठी उपाशी ऱ्हातोय, मी कोण?"

माझ्या पोटात गोळा आला. त्या केळ्याएवढ्या पोटात तो कसा मावला कोण जाणे. मी घाबरलो होतो. माझ्या दोनदा हललेल्या मानेपायी एक म्हातारी मरायला निघाली होती.

ती शुद्धीवर आली तेव्हा मी म्हणालो, "मावशी, काहीतरी खाऊन घ्या."

"तुमी सोडताल तवा मी बी सोडीन."

"अहो, माझा उपास नाही. मला डॉक्टरनी कमी खायला सांगितलंय."

ती समजुतीने हसली. "मोठी मान्सं आसंच म्हणत्यात. केलेलं सांगू न्हाई."

चेअरमन येऊन पोचले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हिला दवाखान्यात टाकू, सलाईन लावू. पर आत्ता काई बोलू नका. उद्या पेपरवाले येणार हायेत." सलाईन लावून आणली तरी ती परत येऊन भाकरी गाईलाच घालणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. छावणीतली निम्मी माणसं भोवती जमली होती. मला फार लाज वाटत होती. जाड असताना मी कधी कुणासमोर बनियनवरसुद्धा बसलो नव्हतो.

मी शर्टाची बटणं काढली आणि बनियन वर केला.

आतलं कातडं रिकाम्या पोत्यासारखं लोंबत होतं. त्यावर ऑपरेशनच्या चार-पाच बारक्या खुणा. "मावशी, हे बघा. मला व्रत नाही, उपास नाही. मी खाऊन खाऊन म्हशीएवढा झालो होतो. चालता येईना, झोपता येईना. म्हणून पुण्याला जाऊन पोट कापून बारीक करून घेतलं. आता आत जागाच नाही. पावसाचा आणि माझ्या जेवणाचा काहीएक संबंध नाही."

मग मागून आवाज आला, "म्हंजी पैशे देऊन उपाशी?" आणि हशा पिकला. ज्याने सगळ्यात आधी माझे पाय धरले होते तोच सगळ्यात मोठ्याने हसत होता. चेअरमन फोन कानाला लावून गाडीकडे निघून गेले. हळूहळू माणसं आपापल्या दावणीला पांगली. मी बटणं लावली. कसंही झालं तरी अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं.

म्हातारी मात्र जागची हलली नव्हती. ती माझ्या पोटाकडेच बघत होती.

"दुखलं का वो?"

"थोडं."

"आन आता भूक लागत न्हाई?"

"फारशी नाही. वाटीभरात भागतं."

तिने त्यावर बराच वेळ विचार केला. मी माझा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. आत अर्धी भाकरी होती, तोललेली डाळ होती. मला वाटलं, म्हणेल, आत्ताच झालं. तिने भाकरी मोडली, डाळीत बुडवली आणि खाल्ली. मग दुसरा घास, मग तिसरा, भराभरा, न चावता. पुण्याच्या पोरीने पाहिलं असतं तर ओरडली असती. डब्यात माझ्यासाठी काही उरू नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि उरलं नाही.

तिने बोटं चाटली, पदराला पुसली. समोर तिची गाय उभी होती. दिवसाचे वाढे संपवून ती रिकामी गव्हाण चाटत होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या काट्याकडे, मग हळूच, कुणी ऐकू नये अशा बेताने मला विचारलं,

"सायेब, त्यो तुमचा डाक्टर गाईचं बी करतो का?"