खांबाची ऊब

अमेरिकेहून आलेल्या भाच्यानं माझ्या हातात बेसबॉलचा एक मळका चेंडू ठेवला. "आत्या, खऱ्या सामन्यातला आहे. या शिक्क्यावरच्या नंबरावरून कळतं, तो कुणी टाकला, कुणी मारला." सामन्याआधी म्हणे या चेंडूंना नदीचा चिखल चोळतात. मी तो नाकाशी नेला, आणि मातीच्या त्या वासानं मला तेर गावातल्या माझ्या शाळेचं खो-खोचं मैदान दिसलं.

सामना संपत आला होता. समोरच्या संघातली मुलगी खांबाला वळसा घालून निसटलीच होती. तेवढ्यात आमच्या शबानानं धावत येऊन एका हातानं खांब धरला आणि अख्खं अंग हवेत आडवं झोकून दिलं. क्षणभर जमिनीशी तिचा काही संबंधच उरला नाही. बोटाचं टोक त्या मुलीच्या पाठीला लागलं आणि आम्ही जिंकलो.

शबानाचे अब्बा शिवणकाम सोडून आले होते, ते हा तिचा शेवटचा खेळ असं बजावूनच. मैदान रिकामं झाल्यावर ते खांबापाशी गेले आणि त्यावर तळवा टेकवला.

"अजून लई गरम हाय," ते मला म्हणाले.

"चाचा, उन्हानं तापलाय तो," मी हसले.

"न्हाय गं." त्यांनी हात काढलाच नाही. मग हळूच विचारलं, "शबानाचा पुढचा सामना कुठं हाय?"

भाचा मोबाईलवर शिक्क्याचा नंबर तपासून दाखवत होता. मी मात्र चेंडू दोन्ही तळव्यांत घट्ट धरून, तो कुठं गरम लागतोय का, ते बघत होते.