शिडीवरची ग्रामपंचायत

माझ्या आत्याएवढा उन्हाचा लोभ उभ्या बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल. आमच्या भागात माणसं सावली शोधत हिंडतात, ही बाई मात्र कुणाच्याही घरी गेली की चहापाणी नंतर, आधी "वर जायला जिना कुठंय?" म्हणून विचारते. माजलगावच्या अलीकडे आमचं गाव आणि आत्या तिथली सरपंच. सरपंच होण्याआधी तिने पापड-कुरडया वाळवायच्या निमित्ताने गल्लीतली सगळी छतं पालथी घातली होती. त्यामुळे गावात सोलरचं वारं आलं, तेव्हा तिला कार्यालयाची खुर्ची सोडून वर चढायला आयतंच कारण मिळालं.

तोवर छतावर पॅनल बसवायचं म्हणजे आमच्याकडे माणसाची चप्पल झिजायची. पंचायतीची ना-हरकत हवी, ना-हरकतीला शिक्का हवा, शिक्का ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या बॅगेत आणि बॅग बीडला. भाऊसाहेब सापडलेच तर "मासिक सभेत ठेवू" म्हणणार, आणि सभेला माणसं जमणार नाहीत. आत्याने तो शिक्का मागून घेतला, कापडी पिशवीत घातला आणि पिशवी पंचायतीच्या लाकडी शिडीला टांगली. "ज्याचं छत, त्याच्या छतावरच परवानगी. वर चढायचं, बघायचं, उतरायच्या आत शिक्का मारायचा," तिने जाहीर केलं. भाऊसाहेबांना उंचीची धास्ती. पहिल्याच दिवशी ते अर्ध्या शिडीवर दांडे कवटाळून थांबले आणि म्हणाले, "ताई, इथूनबी दिसतंय की सगळं." "दिसतंय तर मग डोळे कावून मिटलेत?" आत्याने वरून विचारलं. त्यानंतर साधा रहिवासी दाखला हवा असला तरी लोक आधी शिडी कुणाच्या दारात आहे याची चौकशी करायला लागले. शिडीचं एक टोक बहुतेक वेळा माझ्या खांद्यावर असायचं. सुटीत गावी आलेल्या भाच्याचा याहून चांगला उपयोग तिला कधी सुचला नाही.

एवढ्या धांदलीत तिच्या मनात एकच घरगुती गोष्ट घोळत असायची. तिचा एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला. सुनेने म्हटलं होतं की वर एक खोली झाली तर आम्ही गावी येऊन राहू, हे इथूनच काम करतील. खालचं घर दोन खोल्यांचं, जागा कुठून काढणार? म्हणून आत्याने स्लॅब टाकताना वरच्या खोलीसाठी लोखंडी गज उभे सोडले होते. गंजू नयेत म्हणून दर दिवाळीला ती त्यांना रंग द्यायची. नातवंडांना तीट लावावी तसं ते काम चालायचं.

पुढे एका बहाद्दराने शेजाऱ्याच्या पॅनलशेजारी पाण्याची टाकी उंच चढवली आणि पॅनल सावलीत गेलं. भांडण पेटलं. आत्याने ग्रामसभेत ठरावच मांडला: ज्याच्या छतावर पॅनल बसेल, त्याच्या दक्षिणेच्या, म्हणजे उन्हाच्या बाजूच्या शेजाऱ्याने त्यावर सावली पडेल असं काही वर चढवायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यात आधी आत्याचा हात वर गेला.

संक्रांतीच्या सुमाराला शेजारच्या चाचांचा अर्ज आला. चाचा कूलर-मोटारी दुरुस्त करतात. त्यांच्या लेकीने घरात शिलाईच्या दोन मशिनी टाकल्या होत्या, पण दुपारी लाइट गेली की काम बंद पडायचं. भिंतीला भिंत लागून घर. तरीही आत्याने थाटात शिडी लावली. मी तिच्या मागे चढलो. पॅनलच्या जागेवर जाऊन ती उभी राहिली आणि खाली बघायला लागली. तिच्या पायाशी गजांच्या सावल्या पडल्या होत्या. तिच्याच गजांच्या. गजांच्या बारीक रेघांनी फारसं अडलं नसतं, पण तिथं खोली उभी राहिली की ही सगळी जागा सावलीत जाणार होती. साऱ्या गावाची छतं तपासली, आणि चाचांच्या दक्षिणेला आपणच राहतो हे या बाईच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चाचांना सगळं कळलं. ते म्हणाले, "भाभी, आमचं राहू द्या. तुमी खोली बांधा. पोरगं घरी आलेलं बरं."

अर्ध्या शिडीवरून भाऊसाहेब बोलले, "ताई, ठरावात 'शक्यतो' असा शब्द घालता येतो."

"मग टाकीवाल्याच्या येळेला कावून न्हाई घातला?" आत्या म्हणाली. "आनि चाचा, तुमची लेक माझी कोन न्हाई का? भाऊसाहेब, शिक्का द्या वर."

तिने शिक्का मारला. तो वाकडा उमटला.

मुलगा दिवाळीला आला, उघड्या स्लॅबवर अंथरूण टाकून झोपला, आईला फराळाचे डबे मागून परत गेला. खोलीचा बेत बारगळला तो बारगळलाच. परवा मी गेलो तेव्हा आत्या वर गजांना रंग देत बसली होती. पलीकडे भर दुपारी मशिनींचा आवाज चालू होता.

"आत्या, आता कापून टाकू या का हे?" मी विचारलं.

"कशाला? वाळवणाची दोरी बांधायला लई कामाला येतेत," ती म्हणाली. तिने ब्रश माझ्या हातात दिला. "तेवढा कोपऱ्यातला राह्यलाय बघ. माझा हात पुरत न्हाई."

मी डबा ओढून घेतला आणि कोपऱ्यातल्या गजाला रंग द्यायला बसलो.