तीन मिनिटांची पेन्शन

मी सरकारी जीपचा ड्रायव्हर आणि माझा उजवा पाय माझं ऐकत नाही. ब्रेक दाबायचा तो हाच! मणका सरकल्यापासून सगळ्या रजा संपल्या होत्या. आजारपणाची पेन्शन मिळाली नसती, तर बिनपगारी घरी बसावं लागलं असतं.

कोळगावच्या ऑफिसात मी तीन खेपा घातल्या. दर वेळी बाबू म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात या," आणि मी म्हणायचो, "सावकाश होऊ द्या, साहेब." (कुणाला त्रास द्यायचा नाही, हा आमच्या घराण्याचा जुना आजार. त्याला पेन्शन नाही.)

चौथ्या खेपेला बायको सोबत आली. हिरा बोईसरच्या बाजारात मासळी विकते. तिनं बाबूंच्या टेबलासमोर फरशीवरच बैठक मारली.

"पुढच्या आठवड्यात या," बाबू म्हणाले.

"परत कशाला येऊ? हितंच बसते की. दिवसभर बसायची सवय हाय मला!"

तासाभरात मेडिकल बोर्डाचं पत्र हातात!

बोर्डापुढे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळ उभं राहता येतं?"

तीन अनोळखी डॉक्टरांसमोर पाय गेला म्हणून कसं सांगायचं? आयुष्यभर जीप हाकलेला गडी मी!

"तासभर!" मी छाती काढून म्हणालो.

"पाच मिनटं," हिरा म्हणाली.

"पाऊण तास!"

"पाच!"

"बरं, अर्धा तास. शेवटचं!"

"हा काय मासळीबाजार आहे?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "राहा बघू उभे!"

पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्यात घाम फुटला. तिसऱ्यात पायानं राजीनामा दिला आणि मी टेबलावर आडवा, कोपर डॉक्टरीणबाईंच्या चहात! हिरानं मला दोन्ही हातांनी सावरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज बाजारातलाच.

"बगा बाई! पाचातली दोन तर मी वर घातली व्हती!"

दाखला मिळाला, पेन्शनही मंजूर झाली. हिराचा मला इतका अभिमान वाटला, की आता आपणही ठाम व्हायचं असं ठरवूनच टाकलं.

परवा तिच्या टोपलीशी मी एकटाच बसलो होतो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "हे पापलेट निम्म्या भावात द्या."

मी ठणकावून सांगितलं, "एक मुळीच मिळणार नाही. तेवढ्याच पैशांत दोन घ्यावीच लागतील!"