जिन्यानं जाणारा लिफ्टवाला

माझा दादा लिफ्टवाला. लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारा नव्हे, बिघडलेली लिफ्ट दुरुस्त करणारा. उभा जन्म त्यानं दुसऱ्यांच्या इमारतींत ग्रीसनं माखलेल्या हातांनी काढला, आणि त्याच्या हातच्या लिफ्टमध्ये कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. तोंडानं कधी बोलायचा नाही, पण विषय निघाला की मिशीतल्या मिशीत हसायचा. त्या अभिमानानंच त्याचा घात केला असं मी म्हणते. माझी लेक म्हणते, आई, तू फार कडक बोलतेस. बोलते. सख्ख्या भावाबद्दल नाही बोलायचं तर कुणाबद्दल बोलायचं?

वहिनी गेल्यापासून तो एकटाच तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मूलबाळ नाही. बरोबर त्याच्या खालच्या घरात टेलरताई राहायच्या. त्याही भाडेकरू, त्याही एकट्या. पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. दाराशेजारी दांडीवर तयार ड्रेस, टेबलावर खडूच्या रेघा मारलेलं कापड, आणि खोलीच्या मधोमध दिव्याखाली भरतकामाचं नवं मशीन. ते त्या लेकरासारखं जपायच्या. दादा कामावरून आला की आधी दुसऱ्या मजल्यावर उतरायचा. संध्याकाळचा चहा तिथंच. ताई त्याचा उसवलेला खिसा शिवून द्यायच्या, हा त्यांची कात्री धार लावून आणायचा.

मी काही आंधळी नाही. आयुष्यभर खाकी घातलेल्या माणसानं आकाशी रंगाचा शर्ट शिवायला टाकला तेव्हाच मी काय ते ओळखलं. दोघांचं वय उतरणीला लागलेलं, अडवणारं कुणी नाही. "विचार की रे त्यांना एकदा," मी म्हणायची. "विचारतो गं, घाई काय आहे," हा म्हणायचा. लिफ्ट अडकली तर याला घास गिळवत नाही, बाकी सगळ्या बाबतीत घाई काय आहे.

त्याच सुमारास माझी लेक विम्याच्या ऑफिसात लागली. घरातलं कुणी विम्यात शिरलं की नातेवाईक फोन उचलायचे बंद होतात. दादानं निदान तिला घरी तरी बोलावलं. मीही गेले होते.

"या विमाबाई," तो म्हणाला. "पहिलं गिऱ्हाईक मामाच सापडला का?"

लेक हसली, पण नीट समजावून सांगत होती. घर मालकाचं, भिंतींचं तो बघेल. आतल्या सामानाचं काय?

"माझ्याकडे सामान आहे कुठं? चोर आलाच तर तोच हळहळून चार पैसे ठेवून जाईल."

"बरं, सामान राहू दे. तुझ्या घरात आग लागली, पाणी गळलं, आणि शेजाऱ्यांचं नुकसान झालं तर? तेही यात येतं, मामा."

आता मात्र दादाला लागलं. "माझ्यामुळे नुकसान? अगं, माझ्या हातून आजवर कुणाचं वाकडं झालं नाही."

"मग लिफ्टला सेफ्टी ब्रेक कशाला असतो? दोर तर कधी तुटत नाही म्हणतोस."

"ते वेगळं. तिथं दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो."

"इथंही दुसऱ्याचाच प्रश्न आहे."

दादा उठला. मला वाटलं, पटलं याला. तर कपाटातून पैसे काढून त्यानं लेकीच्या हातात कोंबले. "वर्षाचा हप्ता एवढाच ना? हे घे. पॉलिसीबिलिसी राहू दे, चांगल्या सँडल घे तुला." भाची पोटासाठी दारोदार फिरते आहे, मामानं मदत केली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं होतं. पैसे गेले ते गेलेच, पॉलिसी तेवढी आली नाही. लेकीनं सँडल घेतल्या. मामाशी किती वाद घालणार?

पुढे काही महिन्यांनी त्याच्या कपडे धुवायच्या मशीनची नळी एका जागी फुगली. त्यानं ती पाहिली होती, हे विशेष. दुसऱ्या कुणाच्या घरी अशी नळी दिसली असती तर तिथल्या तिथं झापलं असतं त्यानं. स्वतःच्या घरी म्हणाला, रविवारी बदलू. आणि नळ उघडा ठेवून कामावर गेला.

नळी फुटली. पाणी खाली उतरलं ते नेमकं ताईंच्या खोलीतल्या दिव्याच्या भोकातून. ताई गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला बाहेर गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर भरतकामाचं मशीन पाण्यानं भरलेलं, आणि दांडीवरच्या ड्रेसांचे रंग एकमेकांत उतरलेले. सगळे लोकांचे ड्रेस.

दादा त्यांच्या दारात उभा राहिला तो तोंडात मारल्यासारखा. "सगळं भरून देतो," म्हणाला.

"सावकाश द्या हो," ताई म्हणाल्या. "आधी बसा, चहा टाकते."

तो बसला नाही. होतं नव्हतं ते त्यानं नेऊन दिलं, पण गिऱ्हाइकांची भरपाई आणि नवं मशीन म्हणजे काय खायचं काम आहे? मालकानं छत रंगवून दिलं आणि हात वर केले. माझी लेक ते ऐकून ढसाढसा रडली. त्या सँडल तिनं पुन्हा पायात घातल्या नाहीत.

मग दादानं लिफ्ट सोडली. लिफ्टमध्ये ताईंशी गाठ पडली तर पळणार कुठं? म्हणून हा जिन्यानं जायला लागला, असल्या दुखऱ्या गुडघ्यांनी. ताईंचं दार उघडं दिसलं तर वरच थबकायचा, लागलं की हळूच खाली सटकायचा.

मला हे कळलं ते ताईंकडून. "मी मुद्दाम दार उघडं ठेवते," त्या म्हणाल्या. "त्यांचा पाय वाजतो, थांबतो, पण पुढं येत नाही. चहा गार होतो."

मी तशीच वर गेले आणि त्याला फैलावर घेतलं. "रिकाम्या हातानं कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणाला. माझी जीभ झिजली, पण तो काही गेला नाही.

मशीनअभावी ताईंचं काम तुटत गेलं. शेवटी दुसऱ्या गावी बहीण होती, तिच्याकडे जाऊन कपड्यांच्या कारखान्यात लागायचं त्यांनी ठरवलं. निघायच्या दिवशी सामान उतरवताना कापायचं टेबल लिफ्टच्या दारात अडकलं आणि दार रुळावरून निसटलं. वॉचमननं दादाला हाक मारली. आता कुठं पळणार? हा पाना-पेचकस घेऊन आला, गुडघ्यावर बसला आणि दार बसवायला लागला. ताई शेजारीच उभ्या होत्या, मी जिन्यात.

"मशीन गेलं ते गेलं," ताई म्हणाल्या. "तुम्ही चहाला यायचं का बंद केलंत?"

दादा स्क्रू पिळत राहिला. पिळून झालेला स्क्रू पुन्हा पिळला. मला वाटलं, आता बोलेल. बोल रे बाबा.

"एकदम एवढं वजन घालू नका," तो म्हणाला. "दोन फेऱ्या करा."

त्यांनी दोन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत ताईही गेल्या.

त्यानंतर दादानं आपणहून लेकीला बोलावून पॉलिसी घेतली. सही करायच्या आधी विचारलं, "यात खालच्यांचं येतं ना?" लेक मान खाली घालून म्हणाली, "येतं, मामा." खाली आता कुणी फिरतीवरचा माणूस राहतो, सदा दाराला कुलूप.

दादा अजून जिन्यानंच जातो. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, आता कुणाला चुकवायचंय तुला? गुडघ्यांची वाट लावून घेतोस, लिफ्टनं जा की.

"लिफ्टनं गेलं की दुसरा मजला लागत नाही गं," तो म्हणाला.