आंघोळीच्या पाण्याचा रकाना

बलभीम,

तुला माहीत असलेलंच लिहितेय, कारण गावाबाहेर कुणाला ते माहीत नाही. वाचून कंटाळशील. मलाही लिहिताना कंटाळाच येतोय.

तू आमच्या गावचा जलसुरक्षक. नाव मोठं, काम म्हणजे टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, पाण्याचा नमुना घ्यायचा आणि शिव्या खायच्या. बावीस वर्षं हेच. शाळेत मी विज्ञान शिकवायचे तेव्हा तू मागच्या बाकावर झोपायचास, पण नमुना एकदाही चुकवला नाहीस.

चुकलं ते दुसरंच. आपल्या कुंडाच्या वरच्या अंगाला दगडी गोमुख आहे, त्यातून झऱ्याचं पाणी पडतं. तू बाटली कायम त्याच धारेखाली धरलीस. देवाचं पाणी, कुणाचे पाय न लागलेलं. अहवाल दरवेळी 'योग्य'. आणि माणसं आंघोळ करतात खाली, कुंडात. श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी वर्षाच्या आतली बाळं तिथं तीनदा बुडवतात. मग म्हणे अंगावर खरूज उठत नाही. बावीस वर्षांत मीही तुला विचारलं नाही, की बाबा, बाटली कुठं भरतोस?

तीन वर्षांपूर्वी भुयारी गटार आलं. ठेकेदारानं कुंडाच्या वर चेंबर बांधलं, आणि मोठ्या पावसात जादा पाणी निघून जावं म्हणून एक पाइप ओढ्यात सोडून दिला. ओढा कुंडाला लागून. पाऊस झोडपला की गावाची सगळी घाण कुंडात. यंदा वास यायला लागला तेव्हा मी तुला हटकलं.

"कुंडातलं पाणी तपास."

"बाई, फॉर्मात पिण्याचा स्रोत हाय. आंघुळीचा रकानाच न्हाय."

"समुद्रकाठी पोहायचं पाणीसुद्धा तपासतात."

"आपल्याकडं कुठं समुद्र हाय?"

"तुझी नात तर आहे?"

आरोही सात महिन्यांची होती. यंदा तिची पाळी. संध्याकाळी तू तपासणीची छोटी बाटली कुंडातल्या पाण्यानं भरलीस. ती उबेला ठेवायची. पाणी घाण असेल तर दिवसभरात काळी पडते. तू चुलीशेजारी ठेवलीस, तर तुझी द्वारकाबाई करवादली, "गटाराचं पाणी सैपाकात आणून ठिवलाव! देवाऱ्यातच ठिवा की!" दुसऱ्या दिवशी बाटली काजळासारखी काळी.

ती घेऊन आपण दोघं रणधीर सरपंचाकडं गेलो. तो हसला. "बाई, ही खेळण्यातली बाटली. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा कागद आणा, मंगळवारी कुंडाला मी सवता कुलूप लावतो."

नमुना बर्फात ठेवून, भरल्या दिवशीच धाराशिवला पोचवायचा होता. तुझी गुरुवारी पाणी सोडायची पाळी. "तुमी जावा बाई. मी गेलो तर दारातच हुबा करत्यात. तुमाला खुर्ची देतेत." मी हो म्हटलं.

गुरुवारी सकाळी तू बर्फाचा डबा घेऊन साडेसातच्या एसटीपाशी थांबलास. मी आले नाही. पाऊस होता, गुडघा दुखत होता. पण ती लोकांना सांगायची कारणं. आयुष्यभर कार्यालयांच्या बाकांवर बसले, आणखी एका बाकावर बसायचं जिवावर आलं, हे खरं.

मंगळवारी तू पहाटेपासून दोन बादल्या घेऊन गोमुखापाशी उभा. "ए माय, हितं न्हाऊ घाल लेकराला. हे बी देवाचंच पाणी."

"बुडवायचं असतंय बाबा, वतायचं नसतंय," एक म्हातारी म्हणाली आणि पुढं गेली. दोघी-तिघींनी ऐकलं. बाकीच्या पायऱ्या उतरल्या.

मग द्वारकाबाई आरोहीला घेऊन आली. मागं सून हर्षाली, डोळे तुझ्याकडं. तू आडवा आलास.

"सरका. तुमाला बी हितंच बुडवलं हुतं. मेलाव का?"

"तवा वर गटार न्हवतं."

"कागद आणलाव का? सरपंच म्हणलेत न्हवं, कागद आणा. आणलाव?"

तू माझ्याकडं पाहिलंस. मी पायऱ्यांकडं पाहिलं. तू बाजूला झालास. पोरगी पहिल्या बुडीला हसली, तिसरीला खोकली.

पाच दिवस जुलाब. दोन दिवस लोहाऱ्यात सलाईन. वाचली, आता भाकरीचा तुकडा चघळते. त्या पाण्यानंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही, कागद नाही.

पोरगी घरी आल्यावर तू माझ्याकडं आलास. एका शब्दानं मला बोल लावला नाहीस. लावला असतास तर बरं झालं असतं. जाताना म्हणालास, "बाई, परत भरू का बाटली? आजून गौरी-गणपतीला लोकं येतेत."

"भर. येत्या गुरुवारी नेते."

त्या गुरुवारी तू एसटीपाशी आलास की नाही, मला माहीत नाही, कारण मी घरातून निघालेच नाही. तूही दार वाजवलं नाहीस. दसरा होऊन गेला. वाटेत भेटलो की तू "बरं हाय का बाई" म्हणतोस, मी "बरं आहे" म्हणते. कुंडातलं पाणी धाराशिवला अजून कुणी नेलेलं नाही.